डॉक्टरांना न सांगितलेला काढा

अपस्माराच्या दोन रुग्णांचे झटके एकाएकी आटोक्याबाहेर गेले. दोघांनाही फेनिटॉइन ही गोळी चालू होती आणि तिच्या जोडीला ते शंखपुष्पीपासून बनवलेले एक आयुर्वेदिक औषध घेत होते. मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालय व केईएम रुग्णालयातील संशोधकांनी या जोडीचा उंदरांवर अभ्यास केला. दोन्ही औषधे काही दिवस एकत्र दिली, की रक्तातील फेनिटॉइनचे प्रमाण घटत होते आणि झटके रोखण्याची त्याची ताकदही कमी होत होती. हा अभ्यास १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली आणखी एक नोंद फार महत्त्वाची आहे. शंखपुष्पीच्या त्या औषधात स्वतःचाही झटके रोखण्याचा गुण दिसला होता. म्हणजे दोन्ही औषधे आपापल्या जागी गुणाची होती, पण एकत्र आल्यावर नुकसान झाले ते रुग्णाचे.

सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत आम्ही केसपेपरवर लिहिता लिहिता विचारतो, ‘आणखी काही औषध चालू आहे का?’ उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असेच येते. मग बोलता बोलता कळते, की सकाळी कारल्याचा रस असतो, गुडघ्यांसाठी गुग्गुळ असतो, झोपताना इसबगोल असते आणि गावाकडून आणलेली एखादी पुडीही असते. रुग्ण खोटे बोलत नसतो. त्याच्या लेखी ते औषधच नसते. झाडपाला तो, त्याने काय होणार?

झाडपाल्यात ताकद असते म्हणूनच

या ‘काय होणार’चे उत्तर मुंबईनेच जगाला दिले आहे. डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब कमी होतो हे रुग्णांवरील निरीक्षणांतून दाखवून दिले. पुढे तिच्यातल्या रेसर्पिन या घटकाच्या गोळ्या जगभर वापरल्या गेल्या. त्याच गोळ्यांनी काही रुग्णांचे मन उदास होते, हेही पुढे लक्षात आले. चीनच्या तू यूयू यांनी तिथल्या परंपरेतील एका वनस्पतीतून मलेरियावरचे आर्टेमिसिनिन शोधले आणि त्यांना २०१५ चे नोबेल मिळाले. वनस्पतींत औषधी ताकद आहे, याबद्दल वाद नाही. मात्र जे औषध काम करते, ते दुसऱ्या औषधाच्या कामात अडथळाही आणू शकते. काढ्याचा गुण मान्य करायचा, तर त्याची ही बाजूही मान्य करायला हवी.

शरीरात नेमके काय घडते?

औषधांची आपसांतली ही गाठभेट मुख्यतः तीन ठिकाणी होते.

पहिले ठिकाण आतडे. इसबगोलाचा चिकट थर गोळीला धरून ठेवतो आणि ती रक्तात उशिरा किंवा कमी पोचते. मिरी आणि पिंपळीतील पायपेरिन याच्या उलट वागते. ते फेनिटॉइन, प्रोप्रॅनोलॉल, थिओफायलिन अशा औषधांचे रक्तातील प्रमाण वाढवते. हा गुण शहाणपणाने वापरताही येतो. जम्मूच्या सरकारी प्रयोगशाळेतील संशोधनातून क्षयरोगासाठी एक मिश्रण तयार झाले. त्यात रिफॅम्पिसिन ४५० ऐवजी २०० मिलिग्रॅमच ठेवून सोबत पायपेरिन घातले आहे. तिथे मात्रा मोजून ठरवलेली असते. घरी आपल्या मनाने त्रिकटू किंवा पायपेरिन घातलेली हळदीची कॅप्सूल सुरू करताना कोणी मोजत नाही. आमटीतल्या मिरीला मात्र घाबरायचे कारण नाही.

दुसरे ठिकाण यकृत. बहुतेक औषधे मोडून शरीराबाहेर टाकण्याचे काम यकृतातील विकरे म्हणजे एन्झाइम करतात. काही वनस्पती या विकरांचा वेग वाढवतात आणि गोळी काम करण्याआधीच संपते. काही वनस्पती वेग कमी करतात आणि गोळी रक्तात साचत जाते. केईएममधीलच संशोधकांनी १९९४ मध्ये दाखवले, की गुग्गुळाच्या अर्कासोबत घेतल्यास डिल्टियाझेम आणि प्रोप्रॅनोलॉल ही हृदयविकार व रक्तदाबाची औषधे रक्तात कमी प्रमाणात पोचतात. युरोपात मन उल्हसित ठेवण्यासाठी ‘सेंट जॉन्स वर्ट’ ही वनस्पती घेतली जाते. ती सुरू केल्यावर हृदय प्रत्यारोपण झालेल्या दोन रुग्णांच्या रक्तातील सायक्लोस्पोरिन घटले आणि शरीर नवे हृदय नाकारू लागले, अशी नोंद २००० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली.

तिसऱ्या प्रकारात दोन औषधांच्या परिणामांची बेरीज होते किंवा वजाबाकी. मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन चालू असताना भरपूर कारल्याचा रस किंवा मेथीची पूड घेतली आणि जेवण पुढे-मागे झाले, तर साखर एकदम उतरू शकते. घाम सुटणे, हात थरथरणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे ही त्याची लक्षणे आहेत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसोबत लसणाच्या किंवा जिंकोच्या कॅप्सूल घेतल्या, तर रक्तस्रावाचा धोका वाढतो.

वजाबाकीचे उदाहरण ज्येष्ठमधाचे. साठी ओलांडलेल्या एक आजी रक्तदाबासाठी आमच्याकडे येतात. त्यांना लघवी वाढवणारी गोळी चालू आहे. एकदा त्या आल्या तेव्हा रक्तदाब चढलेला होता, पाय सुजले होते आणि हातापायांत जीव नव्हता. तपासणीत पोटॅशियम फार उतरलेले निघाले. ‘आजी, घरचे काही घेता का?’ असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, ‘औषध नाही हो डॉक्टर, नुसता काढा. खोकल्यासाठी नातवाने ज्येष्ठमध आणून दिलाय, तो रोज दोनदा उकळते.’ हा क्रम दीड महिना चालू होता. ज्येष्ठमधातील ग्लिसरायझिन मूत्रपिंडातील एका विकराला रोखते. त्यामुळे शरीरात मीठ-पाणी साठते, पोटॅशियम बाहेर जाते आणि रक्तदाब वाढतो. लघवीच्या गोळीनेही पोटॅशियम जातच असते. त्यांना हृदयासाठी डिजॉक्सिनही चालू असते, तर पोटॅशियम उतरल्यामुळे हृदयाचे ठोके जीवघेणे बिघडू शकले असते. काढा बंद करून पोटॅशियम दिल्यावर आजी सावरल्या. घसा बसला म्हणून दोन दिवस ज्येष्ठमधाचा तुकडा चघळणाऱ्याने धास्ती घेऊ नये. प्रश्न रोजच्या काढ्याचा आणि चालू असलेल्या गोळ्यांचा आहे.

चीन आणि जपान काय शिकले?

हाच ज्येष्ठमध चिनी वैद्यकातील असंख्य काढ्यांमध्येही असतो. तिथे दोन्ही पद्धतींची औषधे एकाच वेळी घेणारे रुग्ण फार मोठ्या संख्येने आहेत, त्यामुळे अनुभवही मोठा आहे. हृदयविकारासाठी वापरली जाणारी ‘दानशेन’ ही चिनी मुळी वॉरफरिनसोबत घेतल्यावर रक्त प्रमाणाबाहेर पातळ झाल्याचे रुग्ण हाँगकाँगच्या डॉक्टरांनी नोंदवले. जपानमध्ये ‘शो-साइको-तो’ हे मूळ चिनी परंपरेतील मिश्रण यकृताच्या आजारात सर्रास दिले जाई. इंटरफेरॉनसोबत ते घेणाऱ्यांना फुप्फुसाचा गंभीर दाह होतो असे दिसले आणि १९९४ मध्ये ही जोडी वर्ज्य ठरवण्यात आली. मिश्रण पिढ्यान् पिढ्या वापरातले होते, इंटरफेरॉन मात्र नवे होते. परंपरेचा अनुभव त्या जोडीसाठी अपुरा पडला. आपल्याकडच्या ग्रंथांतही वॉरफरिन किंवा डिजॉक्सिन नाही, हे ध्यानात ठेवायला हवे.

पुडीत काय आहे?

वनस्पती ओळखण्यातली चूकही महाग पडते. बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या उपचारात एका चिनी मुळीऐवजी तिच्याशी नामसाधर्म्य असलेली ॲरिस्टोलोकिया ही विषारी वनस्पती वापरली गेली. तिने स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी होत असल्याचे १९९३ मध्ये उघड झाले. बाधितांची संख्या पुढे शंभरावर गेली. मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, की वापरलेली वनस्पती खरी गुळवेल होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात, याची खात्री झालेली नाही. वाद कोणत्याही बाजूने सुटो, अंगणातली वेल ओळखीच्या भरवशावर तोडून रोज पिणाऱ्याने दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकावे.

गुडघेदुखी किंवा दम्यावर दोन दिवसांत जादू करणाऱ्या बिननावाच्या पुडीत अनेकदा स्टेरॉइड मिसळलेले असते. त्याने साखर आणि रक्तदाब वाढतो. बरेच दिवस घेतलेली अशी पुडी एकदम बंद करणेही धोक्याचे असते, म्हणून ती घेऊन आधी डॉक्टरांकडे यावे.

‘तासाभराचे अंतर’ पुरत नाही

‘दोन्ही औषधांत तासाभराचे अंतर ठेवा, मग काही होत नाही,’ हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. तो फक्त आतड्यातल्या गाठभेटीपुरता खरा आहे. इसबगोल आणि गोळी यांत दोन तासांचे अंतर ठेवावे, थायरॉइडच्या गोळीला आणखी जास्त. पण गुग्गुळ किंवा ज्येष्ठमधाचा यकृतावर आणि मूत्रपिंडावर होणारा परिणाम अनेक दिवस टिकतो. सकाळी एक आणि रात्री दुसरे घेतल्याने तो टळत नाही. काढा बंद करतानाही हेच लक्षात ठेवायचे. ज्याच्यामुळे गोळी लवकर मोडत होती ते औषध थांबले, की त्याच गोळीचा परिणाम वाढतो. म्हणून सुरू करताना सांगायचे आणि बंद करतानाही सांगायचे.

मग घ्यायचे की नाही?

सरसकट ‘घेऊ नका’ म्हणणे सोपे आहे, पण त्याने रुग्ण लपवायला लागतात. आम्हा डॉक्टरांनीही ‘औषध घेता का?’ एवढेच न विचारता ‘काढा, चूर्ण, रस, भस्म, पुडी यांतले काय घेता?’ असे नाव घेऊन आणि न रागावता विचारायला हवे. वाचकांनी पुढील गोष्टी पाळाव्यात.

• वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधे, डिजॉक्सिन, फिट्सची औषधे, लिथियम, प्रत्यारोपणानंतरच्या गोळ्या, एचआयव्ही, क्षयरोग किंवा कर्करोगाचे उपचार यांपैकी काहीही चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतेही वनौषधी उत्पादन सुरू करू नका. गरोदर व स्तनदा मातांनी, तसेच यकृत किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनीही हीच काळजी घ्यावी.

• दवाखान्यात जाताना घरातली सगळी औषधे, डबे आणि पुड्या एका पिशवीत घेऊन जा. ते जमत नसेल तर लेबलांचे फोटो काढून न्या. वैद्यांकडे जाताना आमच्या गोळ्याही दाखवा.

• काढा सुरू केला म्हणून रक्तदाबाची, मधुमेहाची किंवा फिट्सची गोळी आपल्या मनाने बंद करू नका, अर्धीही करू नका.

• डॉक्टर आणि वैद्य दोघांच्या संमतीने सुरू करायचे असेल, तर एका वेळी एकच नवे औषध घ्या आणि तारीख लिहून ठेवा. वॉरफरिन घेणाऱ्यांनी आयएनआर, मधुमेहींनी साखर आणि रक्तदाबाच्या रुग्णांनी रक्तदाब नेहमीपेक्षा लवकर तपासून घ्यावा.

• शस्त्रक्रिया ठरली असेल तर लसूण, जिंको, जिनसेंग यांच्या कॅप्सूल आणि इतर वनौषधींविषयी भूलतज्ज्ञांना सांगा. साधारणपणे ती दोन आठवडे आधी थांबवायला सांगतात.

• नोंदणीकृत वैद्यांकडूनच औषध घ्या. उत्पादक, परवाना क्रमांक, बॅच आणि घटक छापलेले नसतील तर ते घेऊ नका.

• डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे किंवा फार कमी होणे, हिरड्यांतून रक्त येणे, काळे शौच, फार अशक्तपणा, छातीत धडधड यांपैकी काहीही झाले तर काढा थांबवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात या. औषध सोबत आणा.

औषधाने त्रास झाला असे वाटल्यास ‘भारतीय औषधदक्षता कार्यक्रमा’च्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर तो नोंदवता येतो. आयुर्वेदिक व इतर आयुष औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवण्यासाठीही स्वतंत्र यंत्रणा आहे. केईएममधले ते दोन रुग्ण नोंदवले गेले, म्हणून शंखपुष्पी आणि फेनिटॉइनची जोडी आज पाठ्यपुस्तकांत वाचायला मिळते. तुमच्या घरातल्या एखाद्या जोडीची माहिती कदाचित अजून कोणाकडेच नसेल. ती डॉक्टरांपर्यंत पोचवणारे पहिले तुम्हीच असाल.