संगणनसेवेची निवड

ज्या संगणकावर काम चालते तो आपल्याच खोलीत असला पाहिजे, असे नाही. विद्युत्‌केंद्राप्रमाणे तो दूर कोठे तरी असावा आणि वापर होईल तेवढेच त्याचे मूल्य द्यावे, ह्या व्यवस्थेस ‘क्लाउड’ अथवा मेघसंगणन म्हणतात. नाव काव्यमय असले, तरी प्रत्यक्षात ह्या मेघाच्या जागी यंत्रांनी भरलेल्या, अहोरात्र थंड ठेवाव्या लागणाऱ्या अवजड इमारती असतात.

अशी भाड्याची सेवा ॲमेझॉनने २००६ साली सुरू केली. २००८ मध्ये गूगल व २०१० मध्ये मायक्रोसॉफ्ट ह्या क्षेत्रात उतरल्या. ह्या तिघांपैकी कोणाची निवड करावी? प्रथम अंतराचा विचार करू. काचतंतूतून प्रकाश सेकंदास सुमारे दोन लक्ष किलोमीटर जातो. मुंबईहून अमेरिकेचा पूर्व किनारा सुमारे साडेबारा हजार किलोमीटर दूर आहे. तेव्हा तेथे जाऊन परत येण्यास संदेशास निदान एक अष्टमांश सेकंद लागणारच. एका पृष्ठासाठी अशा अनेक फेऱ्या झाल्या की विलंब जाणवू लागतो. म्हणूनच मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई व चेन्नई येथे, ॲमेझॉनने २०१६ मध्ये आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबई येथे केंद्रे उघडली. भारतीय ग्राहकापुरता हा प्रश्न आता बराचसा मिटला आहे.

दरपत्रकांची तुलना मात्र फसवी ठरते. माहिती आत नेण्यास सहसा शुल्क नसते. बाहेर काढताना ते पडते. २०२४ च्या आरंभी तिन्ही कंपन्यांनी कायमचे सोडून जाणाऱ्या ग्राहकास हे शुल्क माफ करण्याचे जाहीर केले. तरीही खरे बंधन निराळेच आहे. साधे भाड्याचे यंत्र सर्वत्र जवळजवळ सारखेच असते. परंतु ॲमेझॉनचे डायनॅमोडीबी किंवा गूगलचे स्पॅनर हे माहितीकोश ज्याचे त्याच्याकडेच मिळतात. त्यांवर रचलेले काम अन्यत्र न्यावयाचे तर ते बव्हंशी नव्याने लिहावे लागते. अशा सोयी घेऊ नयेत असे नव्हे. पण त्यांची किंमत निघताना मोजावी लागते, हे आधी ध्यानात घ्यावे.

निवड एकाचीच करावयाची, हे गृहीतही तपासण्याजोगे आहे. ऑस्ट्रेलियातील युनिसुपर ह्या निवृत्तिवेतन निधीचे सहा लक्षांहून अधिक सभासद आहेत. त्याची व्यवस्था गूगलकडे उभारताना एक रकाना रिकामा राहिला, त्यामुळे तिची मुदत आपोआप एक वर्षाची ठरली. मे २०२४ मध्ये ही मुदत भरताच, ग्राहकास सूचनाही न जाता, ती व्यवस्था पुसली गेली. सभासदांना आपली खाती दिसेनाशी झाली. सुदैवाने निधीने माहितीच्या प्रती दुसऱ्या एका पुरवठादाराकडेही ठेविल्या होत्या. त्यांच्या साहाय्याने शेकडो आभासी यंत्रे पुन्हा उभी करण्यात आली, आणि सुमारे आठवड्यानंतर खाती पुन्हा उघडू लागली.