जुन्या गाडीतली ऑइलगळती

दीड-दोन लाख किलोमीटर धावलेल्या इंजिनातून ऑइल गळते ते बहुतेक वेळा धातू झिजल्यामुळे नव्हे, तर धातूच्या दोन भागांमधले रबर जुने झाल्यामुळे. चालू इंजिनातले ऑइल शंभर अंशांच्या आसपास तापते. वर्षानुवर्षे त्या तापात राहिलेले रबर आधी कडक होते, मग आक्रसते आणि शेवटी त्याला चिरा जातात. टॅपेट कव्हरची पॅकिंग, क्रँकच्या पुढच्या-मागच्या ऑइल सील, इंजिनाच्या तळाच्या ऑइल चेंबरचा जोड, फिल्टरची रिंग, ऑइल प्रेशर स्विच आणि ड्रेन नटाखालचा वॉशर या गळतीच्या नेहमीच्या जागा.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात गाड्या ज्या प्रकारे वापरल्या जातात, तेही इंजिनाच्या मुळावर येते. मुंबईला नोकरीला जाणारा माणूस लोकलने जातो. त्याची गाडी घर ते स्टेशन आणि स्टेशन ते घर एवढीच धावते. दोन-तीन किलोमीटरमध्ये इंजिन पुरते तापत नाही, आत जमलेली वाफ आणि न जळलेले पेट्रोल ऑइलमध्येच राहते आणि हळूहळू त्याचा गाळ होतो. भाड्याच्या गाड्यांचे नेमके उलटे. कल्याण–बदलापूर रस्त्यावरच्या कोंडीत त्या तापत उभ्या राहतात, बॉनेटखाली वारा फिरत नाही आणि रबर भाजून निघते. ओम्नी आणि ईकोमध्ये इंजिन पुढच्या सीटखाली असते. त्यामुळे सायलेन्सरच्या गरम मॅनिफोल्डवर ऑइल ठिबकू लागले, की आधी जळका वास थेट आत येतो. असा वास येणारी व्हॅन शाळेची मुले घेऊन एक दिवसही फिरू नये, कारण तापलेल्या मॅनिफोल्डवर पडणारे ऑइल पेट घेऊ शकते.

पार्किंगमधला डाग किती गंभीर आहे, याचा हिशेब सोपा आहे. साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो. इंजिन चालू असताना मिनिटाला एक थेंब पडत असेल, तर दिवसभर चालणाऱ्या गाडीतून महिनाभरात लिटरभर ऑइल जाऊ शकते. छोट्या कारच्या इंजिनात मुळात तीन लिटरच्या आसपास ऑइल असते. म्हणून गळती सापडेपर्यंत दर आठवड्याला, गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन थंड असताना डिपस्टिक पाहायची. ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागण्याची वाट पाहणारा माणूस बेअरिंग गमावून बसतो.

दुरुस्तीतले खरे कौशल्य गळती शोधण्यात आहे, आणि इथेच सर्वांत जास्त पैसा वाया जातो. ऑइल वरून खाली वाहते आणि गाडी पुढे जात असल्याने वाऱ्याने मागे ढकलले जाते. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून झिरपलेले ऑइल ब्लॉकच्या पाठीवरून उतरते आणि थेट गिअरबॉक्सच्या जोडापाशी ठिबकते. खालून पाहणाऱ्याला वाटते, क्रँकची मागची सील गेली. मग गिअरबॉक्स उतरवला जातो, नवी सील बसते आणि आठवड्याने डाग पुन्हा दिसतो. म्हणून पाना हातात घेण्याआधी इंजिन डिग्रीझरने धुऊन, हवा मारून कोरडे करायचे. धुण्याआधी अल्टरनेटर आणि वायरिंगचे सॉकेट प्लॅस्टिकने झाकायचे. मग गाडी वीस-पंचवीस किलोमीटर चालवून बॅटरीच्या उजेडात वरून खाली पाहत यायचे. सर्वांत वर जिथे ओल दिसते, गळतीचे मूळ तिथे. गळती फार बारीक असेल, तर जोडावर टाल्कम पावडर भुरभुरतात. ऑइल झिरपते तिथे पांढऱ्यात काळी रेघ उमटते.

मूळ सापडले तरी आणखी एक तपासणी उरते, आणि ती बहुतेक ठिकाणी केलीच जात नाही. सिलिंडरमधला थोडा वायू रिंगांच्या कडेने खाली उतरतोच. तो बाहेर काढायला ब्रीदरची नळी आणि पीसीव्ही व्हॉल्व असतो. स्टेशनपुरत्या फिरणाऱ्या गाडीत हा मार्ग गाळाने तुंबतो. आतला दाब वाढतो आणि ऑइल सर्वांत कच्च्या जोडातून बाहेर फेकले जाते. पेट्रोल इंजिन रिकामे चालू ठेवून ऑइलचे झाकण काढायचे आणि तोंडावर कागद धरायचा. कागद हलका आत ओढला गेला तर ठीक. धापा टाकत वर उडाला तर ब्रीदर तुंबला आहे किंवा रिंगा झिजल्या आहेत. व्हॉल्व काढून हलवला, की आतून खुळखुळ आवाज आला पाहिजे. ब्रीदर साफ करूनही आतला हा दाब तसाच राहिला, तर सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. रिंगाच गेलेल्या इंजिनात सील बदलत राहणे म्हणजे पैसे पाण्यात.

टॅपेट कव्हरची पॅकिंग हे त्यातल्या त्यात सोपे काम. जुनी पॅकिंग खाचेतून निघताना वाळलेल्या पापडासारखी मोडते. तिचा एकही तुकडा कॅमशाफ्टच्या बाजूला पडू द्यायचा नाही. प्लगच्या विहिरींच्या रिंगा त्याच वेळी बदलाव्यात, नाहीतर विहिरीत ऑइल साचून गाडी मिसिंग करू लागते. बसण्याची जागा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडावी, कारण स्क्रूड्रायव्हरने ॲल्युमिनियमला ओरखडा पडला की तीच नवी गळती. बोल्ट मधल्यापासून सुरू करून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन फेऱ्यांत आवळायचे. हे बोल्ट जेमतेम दहा न्यूटन-मीटरच्या आसपासचे असतात. ‘अजून थोडा’ म्हणून ताकद लावली, की पॅकिंग दबून बाहेर येते किंवा हेडचे आटे जातात.

चेंबरच्या जोडाला अनेक इंजिनांत पॅकिंग नसते, सिलिकॉन असते. त्याची सलग बारीक रेघ पुरते. जास्त लावलेले सिलिकॉन आत सुटून पंपाच्या जाळीत अडकते आणि गळती थांबवता थांबवता इंजिन जाते. या पट्ट्यात चेंबरचा पत्रा मुद्दाम तपासावा. 26 जुलै 2005 ला आणि 27 जुलै 2019 ला उल्हास नदीचे पाणी वस्तीत शिरले, आणि मोठ्या पावसात सखल भागात गाड्या पाण्यात उभ्या राहणे नवे नाही. पाणी ओसरल्यावर पत्र्याचा चेंबर बाहेरून गंजत राहतो आणि काही वर्षांनी त्याला टाचणीएवढे भोक पडते. अशा चेंबरला नवी पॅकिंग लावून उपयोग नाही, चेंबरच बदलावा लागतो.

क्रँकची मागची सील सर्वांत महागात पडते. सील स्वस्त, पण गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी मोठी. म्हणून क्लच प्लेट निम्मी झिजली असेल तर त्याच खोलण्यात बदलून घ्यावी. खाली पडणारे ऑइल हुंगूनही पाहावे. उग्र, गंधकासारखा वास आला तर ते गिअर ऑइल, आणि दोष गिअरबॉक्सच्या सीलमध्ये. जुनी सील निघाल्यावर क्रँकवरून नख फिरवायचे. नख खाचेत अडकले, तर नवी सील किंचित वेगळ्या खोलीवर बसवावी लागते किंवा क्रँकवर पातळ स्लीव्ह चढवावी लागते. साध्या रबराच्या सीलच्या ओठाला ऑइल लावूनच ती बसवायची. टेफ्लॉनची सील मात्र कोरडीच.

जाड ऑइल आणि गळती थांबवणारी औषधे यांचा सल्ला सर्रास मिळतो. औषधाने कडक रबर थोडे फुगते आणि बारीक झिरप काही महिने थांबू शकते. फाटलेली सील त्याने बरी होत नाही. कंपनीने 5डब्ल्यू-30 सांगितलेल्या इंजिनात 20डब्ल्यू-50 ओतले, तर थंड इंजिन सुरू होताना ऑइल वर पोचायला वेळ लागतो. गाडी विकण्याआधी डाग लपवायला हा उपाय केला जातो, हे जुनी गाडी घेणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

काम झाल्यावर इंजिन पुन्हा स्वच्छ पुसायचे आणि चार-पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचे. काढलेले ऑइल गटारात ओतू नये. या भागातली बरीच गटारे वालधुनी नदीला मिळतात आणि वालधुनी पुढे उल्हासला. त्या उल्हासच्या पाण्यावरच ही शहरे जगतात. 2016 च्या घातक कचरा नियमांनुसार वापरलेले ऑइल अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवे, म्हणून ते झाकणाच्या कॅनमध्ये, पाणी न मिसळता साठवावे.