हिवाळ्यातली हजेरी

डिसेंबरचा महिना. सकाळचे दहा वाजायला आले तरी बालाघाटच्या डोंगरावरून उतरलेला गारठा हटायला तयार नसतो. आमची जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा बीड जिल्ह्यातल्या एका लहानशा गावात आहे. दोन खोल्या, पुढे पडवी आणि मैदानात एक लिंबाचे झाड. मुले एकेक करून येऊ लागतात. कुणाच्या डोक्याला माकडटोपी, कुणाला आजीने जुन्या लुगड्याची गाती बांधून दिलेली. गाल उललेले, पायांवर पांढऱ्या रेघा. दप्तर आत टाकले की सगळी पोरे उन्हाच्या भिंतीला पाठ लावून बसतात. कुणी खिशातून बोरे काढते, कुणी हरभऱ्याचे घाटे. निम्मे स्वतः खाते, निम्मे शेजारच्याला देते.

घंटा होते. परिपाठात राष्ट्रगीत, प्रतिज्ञा आणि संविधानाची उद्देशिका म्हटली जाते. आज उद्देशिका सांगायची पाळी चौथीतल्या एका मुलाची होती. संधीच्या समानतेपाशी येऊन तो अडखळला. मागच्या मुलीने हळूच शब्द पुरवला आणि गाडी पुढे गेली.

मग हजेरी. तिसरी-चौथीचा वर्ग आमच्याकडे एकत्र बसतो. पटावर नावे 21. मी नाव घेते, 'हजर बाई' असे उत्तर येते. दोन-तीन नावे झाली की एक नाव रिकामे जाते. मग बाकीची मुलेच सांगतात, 'गेला बाई, कारखान्याला.' पुढचे नाव घेतले की, 'ती बी गेली.' शेवटी हजर भरतात 12. उरलेल्या 9 जणांत आजारी कुणी नाही. सगळी आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली आहेत.

हे काही आमच्याच गावाचे नाही. बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी या भागांतून दर हिवाळ्याला लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. पावसाळ्यातच मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. दिवाळी सरली की ट्रॅक्टर गावात येतो. ट्रॉलीत पत्र्याची पेटी, भांडी, ज्वारीचे पोते, एखादी शेळी आणि त्या सामानावर बसलेली मुले. ती परततात तेव्हा उन्हाळा लागलेला असतो. तिकडे मुलगा फडात वाढे गोळा करतो आणि मुलगी कोपीत बसून धाकट्याला सांभाळते. आलेले वाचन जाते, पाढे पुसले जातात. परत आल्यावर सोबतीची मुले पुढे गेलेली दिसतात. मग मूल लाजते आणि मागे बसते. दोन-तीन हिवाळे असे गेले की शाळाच सुटते. मुलगी असली तर घरात तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात.

7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या शाळेत भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झाले. रजिस्टरात त्यांचा क्रमांक होता 1914. घरून नेलेल्या गोणपाटावर बसून आणि पाण्यासाठी शिपायाच्या हाताकडे बघत तो मुलगा शाळेत टिकला, म्हणून पुढचा इतिहास घडला. 2017 पासून महाराष्ट्रात हा दिवस 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळला जातो. आम्हीही पाळतो. मुले भाषणे करतात, टाळ्या वाजतात. आणि त्याच सुमारास गावातून ट्रॉल्या निघतात. आदल्या दिवशी टाळ्या वाजवणारे मूल दुसऱ्या दिवशी ट्रॉलीवर बसलेले दिसते, तेव्हा शिक्षकाच्या मनाला काय होते ते शिक्षकालाच ठाऊक.

मुलांच्या हजेरीची काळजी आपल्या थोरांनी फार पूर्वी केली होती. महात्मा जोतीराव फुले यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे निवेदन देऊन बाराव्या वर्षापर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा अशी मागणी केली. राजर्षी शाहू महाराजांनी 1917 साली करवीर संस्थानात शिक्षण मोफत व सक्तीचे केले आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना 1 रुपया दंड ठेवला. पुढे 1992 साली राज्य सरकारने पहिली ते चौथीतल्या दुर्बल घटकांच्या मुलींना हजेरीचा दिवसाला 1 रुपया भत्ता सुरू केला. 1995 साली शालेय पोषण आहार आला. सुरुवातीला महिन्यातून 80 टक्के हजेरी असली तर 3 किलो धान्य घरी मिळे. 2010 पासून 6 ते 14 वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क कायद्यानेच मिळाला. तरी हिवाळ्यात आमच्या पटावरची 9 नावे रिकामी जातात. दंडापेक्षा आणि भत्त्यापेक्षा उचलीचे ओझे जड आहे.

पण सगळ्याच घरांत असे होत नाही. तिसरीतली एक मुलगी यंदा मागे राहिली आहे. बापाचे म्हणणे होते की पोरगी बरोबर घेऊ, बाळाला कुणीतरी सांभाळायला हवे. ट्रॉली दारात उभी असताना तिची म्हातारी आजी उंबऱ्यात बसून म्हणाली, 'बाळाचं तुमी बगा. पोरगी हितंच ऱ्हाईल, शाळंत जाईल.' आई काही बोलली नाही. तिने मुलीचे गाठोडे ट्रॉलीतून काढून खाली ठेवले.

दुपारी खिचडी होते. मावशी मोठ्या पातेल्यातून वाढतात. प्राथमिकच्या मुलासाठी दिवसाला 100 ग्रॅम धान्य आणि 20 ग्रॅम डाळ असे प्रमाण ठरलेले आहे. ज्या घरी आजी एकटी चूल पेटवते, त्या घरच्या मुलाला या गरम ताटाची किंमत विचारावी. आमची ही मुलगी दुसऱ्यांदा वाढून घेते. मावशीही न मागता तिच्या ताटात पळी टाकतात.

जेवणानंतर उन्हात तरटपट्टी टाकून मराठीचा तास घेतला. आईला पत्र लिहा, असे सांगितले. या मुलीने पाटीवर आधी लिहून पाहिले, मग वहीत उतरवले. शेळीला पिल्लू झाले. आजीचा खोकला कमी आहे. मला सातचा पाढा येतो. बाळाला उन्हात घेऊन बस. पत्र पोचणार कुठे? फडाला पत्ता नसतो आणि आईला वाचता येत नाही. म्हणून छोट्या सुट्टीत माझ्या फोनवरून तिच्या बापाचा नंबर लावला. फोन आईच्या हाती आल्यावर मुलीने पत्र वाचून दाखवले. मागे कोयत्याचे आवाज येत होते. आई आधी म्हणाली, 'जेवलीस का गं? सुटर घातलंस का?' मग थोडे थांबून विचारले, 'तू वाचलंस का ह्ये? का बाईंनी सांगितलं?' मुलगी म्हणाली, 'म्याच वाचलं.' पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही.

माता-भगिनींनो, हंगाम दरवर्षी येणारच. घरात आजी-आजोबा, मावशी किंवा चुलती असेल तर मूल त्यांच्यापाशी ठेवा. अशा मुलांच्या जेवणाखाण्यासाठी गावातच हंगामी वसतिगृह चालवण्याची सरकारी योजना आहे. मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीला दिवाळीच्या आधीच गाठा. मूल बरोबर न्यावेच लागले तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या आणि कारखान्याजवळच्या शाळेत दाखवा. दाखला यायला उशीर झाला एवढ्या कारणाने कोणतीही सरकारी शाळा प्रवेश अडवू शकत नाही, असे कायद्याचे पाचवे कलम सांगते. आणि गावात राहिलेल्या शिकलेल्या तरुण-तरुणींनी संध्याकाळी तासभर विहारात या मुलांना जवळ घेऊन बसावे. आईबापांवाचून राहिलेल्या लेकराला दिवेलागणीची वेळ फार जड जाते.

पाच वाजता शाळा सुटते. ऊन डोंगराआड गेलेले असते आणि मुले पळतच घरी जातात. उद्या सकाळी मी पुन्हा पट उघडीन आणि 21 नावे घेईन. उत्तर न येणारी 9 नावेही घेईन. ती पटावर आहेत, आणि ती मुले परत येऊन त्याच पट्टीवर बसायची आहेत.