संगणक शाखेचे पहिले वर्ष आणि नवखा विद्यार्थी

सामाईक प्रवेश परीक्षेचा निकाल लागला, की राज्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत प्रवेशाची लगबग सुरू होते. संगणक शाखेकडे विद्यार्थ्यांचा ओढा विशेष असतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली, आश्रमशाळेतून आलेली, ज्यांच्या घरात पदवीपर्यंत कोणी पोहोचलेले नाही अशी मुले-मुलीही आता या शाखेत येऊ लागली आहेत. प्रवेश मिळाल्याचे कळताच गावात पेढे वाटले जातात, शाळेच्या फळ्यावर नाव झळकते. मात्र पहिल्याच सत्रात यांपैकी काहींचा धीर सुटतो. दिवाळीच्या सुट्टीत घरी आलेला मुलगा परत जाण्याची टाळाटाळ करू लागतो. हा विषय आपल्या आवाक्यातला नव्हे, अशी त्याची समजूत झालेली असते.

ही समजूत त्याला कोणी शिकवलेली नसते. वर्गात बसून, शेजाऱ्याकडे पाहून ती त्याने स्वतःच करून घेतलेली असते आणि बहुधा ती चुकीची असते.

पूर्वपरिचयाचा फरक

पहिल्या वर्षाच्या एकाच वर्गात दोन प्रकारचे विद्यार्थी शेजारी शेजारी बसतात. काहींनी बारावीला संगणकशास्त्र हा द्विलक्ष्यी विषय घेतलेला असतो, घरी संगणक असतो, शाळेतच त्यांनी लहानमोठ्या आज्ञावली लिहिलेल्या असतात. इतरांनी आजवर हाताळलेला असतो तो केवळ घरातला एक भ्रमणध्वनी, तोही भावंडांत वाटून. भ्रमणध्वनीवर छायाचित्र कोठे साठवले जाते, याचा विचार करावा लागत नाही. प्रयोगशाळेत मात्र पहिल्याच दिवशी अमुक फोल्डरमध्ये फाइल तयार करा, असे सांगितले जाते. शेजारचा विद्यार्थी दहा मिनिटांत काम संपवून मोकळा होतो आणि नवखा विद्यार्थी त्याला असामान्य बुद्धीचा मानू लागतो. वस्तुतः शेजाऱ्याने हेच काम दोन वर्षांपूर्वी चुकतमाकत केलेले असते.

पुढची अडचण अधिक सूक्ष्म आहे. आज्ञावलीत 'क्ष = क्ष + १' अशा प्रकारची ओळ पहिल्या आठवड्यातच येते. बीजगणित मन लावून शिकलेल्या विद्यार्थ्याला ही ओळ सरळसरळ खोटी वाटते, कारण दोन्ही बाजूंतून क्ष वजा केल्यास शून्य बरोबर एक असे निष्पन्न होते. संगणकाच्या भाषेत ते समीकरण नसून हुकूम आहे. क्ष नावाच्या कप्प्यातील संख्या घ्यावी, तीत एक मिळवावा आणि उत्तर त्याच कप्प्यात ठेवावे, एवढाच त्याचा अर्थ. गणित चांगले असलेला विद्यार्थीच येथे अडखळतो, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. शिक्षकाने दोन मिनिटे खर्च करून हा भेद सांगितला, तर गाठ सुटते. गृहीत धरला, तर ती महिनोन्महिने तशीच राहते.

चुका शोधण्याचेही तसेच. 'सी' भाषेत ओळीच्या शेवटी अर्धविराम द्यायचा राहिला, तर यंत्र बरेचदा त्याच्या पुढची ओळ चुकीची म्हणून दाखवते. सरावलेला विद्यार्थी सवयीनेच वरची ओळ तपासतो. नवखा मात्र बिनचूक असलेल्या ओळीकडे तासभर पाहत राहतो आणि तास संपल्यावर रिकाम्या हाताने उठतो.

भाषेचा प्रश्न याहून वेगळा नाही. विज्ञान शाखेत अकरावी-बारावीला इंग्रजी पाठ्यपुस्तके असतात, त्यामुळे माध्यमाची अडचण तेथेच संपली, असे पुष्कळदा मानले जाते. परंतु इंग्रजीत उत्तर लिहिता येणे निराळे आणि चाळीस-पन्नास जणांपुढे इंग्रजीत शंका विचारणे निराळे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ मध्ये भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिक्षणास मान्यता दिली. त्या वर्षी आठ राज्यांतील चौदा महाविद्यालये त्यासाठी पुढे आली. त्यांत पिंपरी-चिंचवड येथील अभियांत्रिकी महाविद्यालयाने संगणक शाखेचे शिक्षण मराठीतून देण्याची तयारी दर्शविली. पाऊल स्वागतार्ह आहे. तथापि सर्वांनी मराठी तुकडीतच जावे, असा त्याचा अर्थ नव्हे. आज्ञावलीतील शब्द इंग्रजीच राहणार आहेत. परिभाषा इंग्रजी ठेवून प्रयोगशाळेत समजावणी मराठीतून करण्यास मात्र कोणाचीच परवानगी लागत नाही. मुंबईच्या आयआयटीने 'स्पोकन ट्यूटोरियल' या उपक्रमात तयार केलेले छोटे दृक्‌-श्राव्य पाठ मराठीतही उपलब्ध आहेत. त्यांचा उपयोग व्हावा तितका होताना दिसत नाही.

एकट्याने केलेला अभ्यास

मागे पडलेल्या विद्यार्थ्यांसाठी जादा तास घ्यावेत, हा सर्वांना प्रथम सुचणारा उपाय. त्याची दुसरी बाजू अमेरिकेतील एका अनुभवावरून स्पष्ट होते. तो अनुभव गणिताचा असला, तरी संगणक शाखेलाही तो लागू पडतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील शाखेत सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात युरी ट्राइझमन हे कलन शिकवण्याच्या कामाशी संबंधित होते. कृष्णवर्णीय विद्यार्थी या विषयात मोठ्या संख्येने नापास होत. त्यांना अभ्यासाची ओढ नाही, घरचे पाठबळ नाही, पूर्वतयारी कच्ची आहे, अशी कारणे प्राध्यापक देत. ट्राइझमन यांनी वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी वंशाच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रत्यक्ष त्यांच्यात मिसळून पाहिला, तेव्हा ही कारणे टिकली नाहीत. कृष्णवर्णीय विद्यार्थी नेमून दिलेला अभ्यास निष्ठेने करीत, पण एकेकटे करीत. चिनी विद्यार्थी आधी स्वतंत्रपणे गणिते सोडवीत आणि मग एकत्र बसून एकमेकांच्या चुका काढीत. कोठे अडले, हे त्यांना परीक्षेपूर्वीच कळे.

त्यातून जे अभ्यासवर्ग निघाले, त्यांत सोपी नव्हे, तर नेहमीपेक्षा अवघड गणिते गटाने सोडवण्यास दिली गेली. 'कच्च्या मुलांचा वर्ग' असा शिक्का त्यांवर नव्हता. सहभागी विद्यार्थ्यांच्या यशात लक्षणीय वाढ झाली आणि ही पद्धत पुढे इतर विद्यापीठांनीही उचलली. आपल्याकडे जादा तासाला विद्यार्थी येत नाहीत, अशी तक्रार असते. त्या तासाला जाणे म्हणजे चारचौघांत कमीपणा पत्करणे, हे त्याचे एक कारण असावे.

संगणकाच्या बाबतीत कॅलिफोर्नियातीलच हार्वे मड महाविद्यालयाने २००६ च्या सुमारास पहिला अभ्यासक्रम बदलला. पूर्वी आज्ञावली लिहिलेल्यांची आणि न लिहिलेल्यांची तुकडी वेगळी केली. वर्गात सतत उत्तरे देऊन इतरांना दबवणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षक बाजूला घेऊन, ही चर्चा आपण वर्गाबाहेर करू, असे सौम्यपणे सांगू लागले. संगणक शाखा निवडणाऱ्या मुलींचे प्रमाण तेथे सुमारे दहा टक्क्यांवरून काही वर्षांत चाळीस टक्क्यांच्या आसपास गेले. यात मोठा खर्च नव्हता.

एकत्र अभ्यासाची रीत महाराष्ट्राला परकी नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहांना चालना दिली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका छताखाली आणले. तेथे निवाऱ्याइतकेच महत्त्व सोबतीला होते. वरच्या वर्गातला मुलगा खालच्याला शिकवी. आज गावाहून रोज एस.टी.ने ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याला ही सोबत मिळत नाही. प्रयोगशाळा पाचला बंद होते, शेवटची गाडी सहाला असते आणि घरी संगणक नसतो. प्रयोगशाळा संध्याकाळी दोन तास उघडी ठेवली आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे, शक्यतो त्याच पार्श्वभूमीचे विद्यार्थी तेथे मदतीला बसवले, तर बराच फरक पडू शकेल. 'कमवा व शिका' योजना जेथे आहे, तेथे या मदतनिसांना तिच्यात सामावून घेण्याचा विचार व्हावा. बागेला पाणी घालण्याइतकेच हेही काम आहे.

दाखले आणि ग्रामपंचायत

शिष्यवृत्तीच्या योजना पुष्कळ आहेत. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आठ लाख रुपये आहे. २०२४-२५ पासून याच मर्यादेतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत मिळू लागली. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार आणि अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वयम् या योजना आहेत. मात्र शुल्क माफ झाले, तरी खोलीभाडे, खाणावळ आणि संगणक यांचा खर्च पहिल्याच महिन्यात उभा राहतो आणि भत्त्याची रक्कम त्यानंतर येते. हे अंतर कसे भरून काढायचे, याची माहिती कुटुंबाला प्रवेशापूर्वीच मिळाली पाहिजे.

जात वैधता प्रमाणपत्राची धावपळ तर नेमकी अभ्यासाच्या दिवसांत होते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या दिनांकांपूर्वीचे पुरावे लागतात. आजोबांच्या शाळेच्या निर्गम उताऱ्यासाठी मुलगा जिल्ह्याच्या ठिकाणाहून चार वेळा गावी येतो आणि तेवढ्या वेळा प्रयोगशाळेचा तास बुडतो. मुलगा किंवा मुलगी अकरावीत असतानाच ग्रामपंचायत सदस्य, मुख्याध्यापक व तलाठी यांनी हे उतारे शोधून दिले, तर पहिल्या सत्रातील कित्येक दिवस वाचतील. संगणकाचे शिक्षण नसलेल्या माणसालाही संगणकाच्या विद्यार्थ्यासाठी एवढे करता येते.

केंद्रीभूत प्रवेशाच्या शेवटच्या फेऱ्यांतून येणाऱ्यांचा प्रश्न उरतो. तंत्रशिक्षण परिषदेने नवागतांसाठी तीन आठवड्यांचा परिचय कार्यक्रम आखून दिला आहे. पण शेवटच्या फेरीचा विद्यार्थी येतो तेव्हा तो संपलेला असतो, गट जमलेले असतात आणि 'क्ष = क्ष + १' शिकवून झालेले असते. अशा विद्यार्थ्याला त्याच दिवशी एखाद्या गटात नेऊन बसवणे आणि मागील तीन-चार प्रात्यक्षिके कोणासोबत करायची, हे नाव घेऊन सांगणे, एवढी जबाबदारी प्रत्येक विभागात एका अध्यापकावर सोपवली गेली पाहिजे.