जिद्द मोजायची कशी?

जरीपटक्यात पहाटे पाचला रस्त्यावर दोन प्रकारची माणसं दिसतात. एक दुधाचे कॅन लावलेली आणि दुसरी हेल्मेट घातलेली, सायकलच्या मागे लाल दिवा लुकलुकणारी. ही दुसरी मंडळी कामठी रोडने बाहेर पडतात, कन्हानपर्यंत, सुट्टीच्या दिवशी रामटेकपर्यंत जातात आणि साडेनऊला परत कुठल्यातरी ऑफिसात, दुकानाच्या गल्ल्यावर किंवा ओपीडीत बसलेली असतात. त्यांना विचारा, एवढं जमतं कसं? उत्तर जवळजवळ ठरलेलं: "सगळा डोक्याचा खेळ आहे भाऊ, पायांचं काही नाही."

आजचा लेख या एका वाक्यावर आहे. पीएच.डी.चा विषय शोधणाऱ्या बऱ्याच जणांना असं वाक्य फार आवडतं. लगेच सिनॉप्सिस तयार होतो: 'साहसी खेळाडूंच्या मानसिकतेचा अभ्यास'. वीस यशस्वी खेळाडू गाठायचे, मुलाखती घ्यायच्या, त्यातून जिद्द, चिकाटी, सकारात्मकता अशी प्रकरणं पाडायची. गाइडही हो म्हणतात. पण हे संशोधन होत नाही. का, ते पुढे येईलच.

आधी हा खेळ काय आहे ते बघू. अ‍ॅडव्हेंचर रेस म्हणजे एकाच शर्यतीत जंगल-डोंगर तुडवणं, माउंटन बाइक, होडी वल्हवणं, दोराने चढणं-उतरणं, आणि हे सगळं हातातला नकाशा व होकायंत्र बघून. मोठ्या शर्यतींत बहुधा चौघांचा मिश्र संघ असतो, शर्यत कित्येक दिवस चालते आणि घड्याळ थांबत नाही. झोपायचं की चालत राहायचं, हे संघानेच ठरवायचं. एकाने सोडलं की संघाचा क्रमांक गेला. आपल्याकडे पुण्याजवळ सह्याद्रीत होणारी 'एन्ड्युरो थ्री' ही त्याच जातीची, पण हौशी माणसाला झेपेल अशी तिघांच्या संघाची शर्यत आहे.

नागपूरकरांच्या डोळ्यासमोर मात्र पहिलं नाव येतं ते डॉ. अमित समर्थ यांचं. काटेकोर अर्थाने त्यांची शर्यत अ‍ॅडव्हेंचर रेस नव्हे, कारण तिथे खेळ एकच, सायकल. पण दम, झोप आणि डोकं यांची ओढाताण तीच. २०१७ साली त्यांनी 'रेस अक्रॉस अमेरिका' एकट्याने पूर्ण केली. कॅलिफोर्नियातलं ओशनसाइड ते मेरीलँडमधलं अ‍ॅनापोलिस, साधारण ४,८०० किलोमीटर, मुदत १२ दिवस. त्यांना लागले ११ दिवस, २१ तास, ११ मिनिटं. म्हणजे मुदत संपायला तीन तासांहूनही कमी उरले होते. त्याच वर्षी नाशिकचे लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ त्यांच्या थोडं आधी पोहोचले, आणि २०१५ साली नाशिकच्याच महाजन बंधूंनी, तेही दोघे डॉक्टर, ही शर्यत दोघांच्या गटात पूर्ण केली होती. (इतके डॉक्टर का, यावर कुणीतरी वेगळा प्रबंध लिहावा.) यापैकी कुणाचंही पोट सायकलवर चालत नव्हतं. खरा प्रश्न इथून सुरू होतो. दिवसभर डोकं वापरून झालेल्या माणसाचा सराव आणि फक्त सराव करणाऱ्या माणसाचा सराव, हे एकाच मापाने मोजायचे का?

सरावाचं एक साधं माप आहे. गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने 'किती जड जातंय' हे आकड्यात सांगण्यासाठी ६ ते २० अशी पट्टी केली. हे विचित्र आकडे का? तरुण माणसाच्या हृदयाचे ठोके साधारण ६० ते २०० मध्ये असतात, त्याला दहाने भागलं. पुढे अमेरिकेतल्या कार्ल फॉस्टर यांनी ते आणखी सोपं केलं. सराव संपल्यावर अर्ध्या तासाने विचारायचं, एकूण किती जड गेलं, शून्य ते दहा? तो आकडा गुणिले मिनिटं. दीड तास आरामात सायकल चालवली आणि जड गेलं ४, तर ९० गुणिले ४, म्हणजे ३६०. अर्धा तास जीव तोडून पळालो आणि जड गेलं ८, तर २४०. एक वही आणि एक पेन, बाकी काही लागत नाही. हौशी लोकांची नेहमीची चूकही या वहीत दिसते. वेळ कमी म्हणून ते प्रत्येक सराव अर्धवट जोरात करतात, सगळे आकडे ५ आणि ६. नॉर्वेत काम करणारे स्टीफन सायलर यांनी दमाच्या खेळातल्या अव्वल खेळाडूंच्या नोंदी तपासल्या, तर त्यांचे दर पाचातले साधारण चार सराव इतके सावकाश होते की चालता-चालता पूर्ण वाक्य बोलता यावं. हे ऐकून कामठी रोडवरचे आमचे मित्र हसतात.

आता गंमत बघा. 'किती जड गेलं' हा आकडा कुणाचा, पायाचा की डोक्याचा?

२००९ साली वेल्समधल्या बांगोर विद्यापीठात सॅम्युएल मार्कोरा आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग संशोधनाला निघालेल्या प्रत्येकाने एकदा नीट वाचावा. निष्कर्ष बाजूला ठेवा, त्याची मांडणी बघा. सोळा माणसं. प्रत्येकाने वेगवेगळ्या दिवशी दोन्ही गोष्टी केल्या. एका दिवशी ९० मिनिटं संगणकासमोर बसून अक्षरांच्या ठरावीक क्रमावर बटण दाबण्याचं कंटाळवाणं, पण सतत लक्ष मागणारं काम. दुसऱ्या दिवशी ९० मिनिटं रेल्वेगाड्या आणि मोटारींवरचे माहितीपट. त्यानंतर दोन्ही दिवशी तीच सायकल, तोच जोर, आणि थकून थांबेपर्यंत पायडल. माहितीपटानंतर सरासरी ७५४ सेकंद टिकले, अक्षरांच्या कामानंतर ६४०. जवळपास दोन मिनिटांचा फरक.

लगेच शंका येते, कंटाळलेल्या माणसाने मनच लावलं नसेल. ही शंका त्यांनाही आली होती, म्हणून उत्तम कामगिरीला रोख बक्षीस ठेवलं आणि सायकलवर बसण्याआधी इच्छाशक्तीची प्रश्नावली भरून घेतली. त्यात फरक दिसला नाही. हृदयाची गती, ऑक्सिजनचा वापर, यांवरूनही ती दोन मिनिटं समजावता येईनात. फरक होता तो 'किती जड जातंय' या आकड्यात. डोकं थकलेल्या दिवशी तो सुरुवातीपासूनच वर होता आणि म्हणून कमाल पातळीला लवकर पोहोचला. थांबले त्या क्षणी मात्र दोन्ही दिवशी आकडा सारखाच.

म्हणजे 'डोक्याचा खेळ' हे वाक्य खरं असेलही, पण पहाटेचे सायकलवाले समजतात त्या अर्थाने नाही. ते म्हणतात, मन घट्ट असलं की शरीर ऐकतं. हा प्रयोग म्हणतो, दिवसभर एक्सेलच्या शीटमध्ये किंवा पेशंटच्या रांगेत घातलेलं डोकं संध्याकाळी तोच चढ अधिक उंच भासवतं. यात स्वभावाचा संबंध येतोच असं नाही. दिवस कसा गेला याचा येतो. अ‍ॅडव्हेंचर रेसमध्ये तर हे दुहेरी आहे, कारण रात्री दोन वाजता नकाशावरची ओढ्याची रेघ आणि समोरचा ओढा जुळवणं हेही डोक्याचंच काम.

पण इथे थांबू नका. सोळा माणसं म्हणजे थोडी. पुढे हाच परिणाम शोधणाऱ्यांपैकी काहींना तो दिसला, काहींना तितका ठळक दिसला नाही. शेजारच्या विषयात तर मोठी पडझड झाली. 'इच्छाशक्ती वापरली की संपत जाते' ही कल्पना कित्येक वर्षं पाठ्यपुस्तकात होती. २०१६ साली २३ प्रयोगशाळांनी मिळून, दोन हजारांवर माणसं घेऊन ती तपासली आणि परिणाम जवळपास शून्य निघाला. तिथलं डोक्याचं काम छोटं होतं, ९० मिनिटांचं नव्हतं, त्यामुळे एकाने दुसरं खोटं ठरत नाही. तरी व्हायवात कुणी विचारलं तर हे माहीत असलेलं बरं.

आता त्या वीस मुलाखतींकडे येऊ. ज्यांनी शर्यत पूर्ण केली त्यांना विचारलं तर ते सांगणार, मी हार मानली नाही. ज्यांनी सोडली, त्यांनीही पहिले कित्येक तास हार मानली नव्हती. त्यांना आपण विचारलंच नाही. शिवाय पूर्ण करणारा माणूस आठवतो ते निकाल ठाऊक झाल्यानंतर. गुडघा दुखत असताना पुढे जाणं, हे पोहोचलात तर जिद्द ठरतं आणि अस्थिबंध फाटला तर मूर्खपणा. कृती तीच, नाव मागाहून पडतं.

उलट उदाहरण बघा, तेही अ‍ॅडव्हेंचर रेसचंच. २००० साली मलेशियातल्या बोर्निओ बेटावर 'इको-चॅलेंज' झाली, ३०४ स्पर्धक. घरी परतल्यावर बऱ्याच जणांना ताप आला. लेप्टोस्पायरोसिस, आपल्याकडे पावसाळ्यात मुंबई-कोकणातून ज्याच्या बातम्या येतात तोच. साथीच्या अभ्यासकांनी फक्त आजाऱ्यांना विचारलं असतं तर यादी मिळाली असती: जंगल, गुहा, चिखल, नदी, सगळंच. त्यांनी आजारी आणि ठणठणीत अशा जमतील तितक्या स्पर्धकांना गाठलं. १८९ जण मिळाले, त्यातले ८० आजाराच्या व्याख्येत बसले. मग दोन गटांची तुलना करून बोट ठेवता आलं: सेगामा नदीत पोहणं. आजार न झालेल्यांच्या उत्तरांशिवाय हे कळलंच नसतं.

तर जिद्दीचा अभ्यास नागपुरात कसा करता येईल? माझं मत असं की 'जिद्द' हा शब्दच प्रश्नावलीतून काढून टाकावा. शर्यतीच्या तीन-चार महिने आधी, नाव नोंदवलेल्या सगळ्यांना वही द्यावी. रोज चार रकाने: आदल्या रात्रीची झोप, दिवसभरच्या कामाने डोकं किती थकलं, सरावाची मिनिटं, आणि किती जड गेलं. हे सगळं निकाल कळायच्या आधी. मग शर्यत होऊ द्यावी, आणि पूर्ण करणारे व सोडणारे यांच्या वह्या शेजारी ठेवाव्यात.

यात नागपूरचा एक खास खड्डा आहे, उन्हाचा. मार्चमध्ये वही सुरू केली आणि मे अखेर ४५ अंशांत संपवली, तर मधल्या काळात शरीर उन्हाला सरावतं. रोज उन्हात घाम गाळला तर एक-दोन आठवड्यांत रक्तातला द्रवभाग वाढतो, घाम लवकर सुटतो, त्याच वेगाला ठोके कमी पडतात आणि जड जाण्याचा आकडा उतरतो. तुम्ही म्हणाल, बघा, मन घट्ट झालं! प्रत्यक्षात ते ऊन असतं. म्हणून पाचवा रकाना: सरावाची वेळ आणि त्या वेळचं तापमान. जमलं तर दर पंधरा दिवसांनी तोच उड्डाणपूल, त्याच वेगाने, पहाटे त्याच वेळी. (आपल्याकडे डोंगर नाहीत, उड्डाणपूल भरपूर आहेत.)

आणि सोडणाऱ्यांची नोंद त्याच रात्री घ्या. हे अवघड आहे. थकलेला, चिडलेला, बुटात पाणी असलेला माणूस फॉर्म भरायला तयार नसतो, आणि त्याला भाग पाडायचा आपल्याला हक्कही नाही. सुरुवातीला सही केलेली संमती मध्यरात्री गृहीत धरता येत नाही, तेव्हा पुन्हा विचारावं लागतं. म्हणून फॉर्म एका ओळीचा असू द्या: आत्ता किती जड जातंय, आणि का थांबलात. तो नको म्हणाला तर 'नको म्हणाला' असं लिहा, वेळ टाका आणि त्याला आधी चहा द्या. तीच व्यक्ती दोन दिवसांनी फोनवर वेगळं कारण सांगेल. तेही लिहून घ्या, पण वेगळ्या रकान्यात.