रात्रपाळी, दिनचर्या आणि पेशीतील घड्याळ

पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पुढे आकुर्डी, भोसरी व चाकणपर्यंत कारखाने पसरले आणि तीन पाळ्यांचे जीवन या परिसराच्या अंगवळणी पडले. येथील वैद्यांना रात्रपाळीचा रुग्ण नवा नाही. अम्लपित्त, मलावष्टंभ, अनिद्रा यांस औषधाने उपशम मिळतो. पाळी फिरली की तक्रार पुन्हा उद्भवते. याचे एक कारण पेशीच्या अंतरंगात आहे.

शरीरातील बहुतेक पेशींत जनुकांचा संच सारखाच असतो. कोणते जनुक कोठे व केव्हा कार्यान्वित व्हावे, याचे नियमन पेशी करते. ‘क्लॉक’ व ‘बीमॅल-१’ ही प्रथिने डीएनएशी संलग्न होऊन ‘पिरियड’ व ‘क्रिप्टोक्रोम’ ही जनुके जागृत करतात. त्यांपासून बनलेली प्रथिने साचून पेशीकेंद्रकात परततात आणि स्वतःच्याच निर्मितीस अवरोध करतात. ती नष्ट झाली की अवरोध सुटतो. हे आवर्तन सुमारे २४ तासांचे असते. फळमाशीवरील संशोधनातून ही यंत्रणा उलगडल्याबद्दल हॉल, रॉसबॅश व यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मेंदूतील मुख्य घड्याळ प्रकाशानुसार चालते. यकृतातील घड्याळावर भोजनकाळाचाही मोठा प्रभाव असतो. मध्यरात्री कँटीनमध्ये जेवणाऱ्या कामगाराची ही दोन घड्याळे परस्परविसंगत होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये अशा पाळीकामाची गणना ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात केली व २०१९ मध्ये रात्रपाळीबाबत तेच मत कायम ठेवले.

रात्रिजागरण रूक्ष व वातकर होय. जागरण घडल्यास त्याच्या निम्मा काळ, सकाळी भोजनापूर्वी निद्रा घ्यावी, असे अष्टांगहृदय सांगते. ग्रंथकारांना जनुके ज्ञात होती, असा याचा अर्थ नव्हे. काळाचे महत्त्व त्यांनी निरीक्षणाने जाणले होते. नित्य रात्रपाळीत मात्र निम्म्या निद्रेवर भागत नाही; दिवसा अंधाऱ्या खोलीत पूर्ण झोप मिळावी.

रुग्णपत्रिकेत पाळी व भोजनकाळ अवश्य नोंदवावेत. मुख्य जेवण पाळीपूर्वी व मध्यरात्री लघु आहार, असा सल्ला द्यावा. रुग्ण इन्सुलिन वा मधुमेहाच्या गोळ्या घेत असल्यास त्याच्या डॉक्टरांशी विचारविनिमय केल्याविना भोजनकाळ बदलू नये. पाचक चूर्ण वारंवार नेणाऱ्या ग्राहकास औषधालयचालकांनीही पाळी विचारावी व वैद्यांकडे पाठवावे. पाळी बदलणे आपल्या हाती नसले, तरी पाळीतील दिनचर्या सुधारणे आपले कर्तव्य आहे.