फोन विकत घेतला, पण मालक कोण?

विकत घेतलेल्या वस्तूवर घेणाऱ्याचा हक्क, हे व्यवहारातील जुने सूत्र. स्मार्टफोनने त्यालाच तडा दिला आहे. जुन्या आयफोनांचा वेग आपणच कमी करतो, हे २०१७ च्या डिसेंबरात ॲपल कंपनीला मान्य करावे लागले. झिजलेल्या बॅटरीमुळे फोन अकस्मात बंद पडू नये, हा हेतू कंपनीने सांगितला. त्यात तथ्य होते. जुन्या लिथियम-आयन बॅटरीला एकाएकी आलेला भार पेलवत नाही. आक्षेप होता तो कंपनीच्या मौनाला. जेथे बॅटरी बदलून भागले असते, तेथे अनेक ग्राहकांवर नवा फोन घेण्याची पाळी आली. पुढे कंपनीने क्षमा मागितली आणि अमेरिकेत बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला. ग्राहकांना माहिती न दिल्याबद्दल २०२० साली फ्रान्समध्ये तिला अडीच कोटी युरो दंड झाला.

युरोपीय संघ याही पुढे गेला. २० जून २०२५ पासून तेथे बाजारात येणाऱ्या नव्या फोनांचे महत्त्वाचे सुटे भाग, त्यांची विक्री थांबल्यावरही ७ वर्षे पुरविणे बंधनकारक आहे. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले. परंतु संकेतस्थळ माहिती देते, त्याला कायद्याची सक्ती नसते.

कॅमेऱ्याच्या गुणांवर आपल्याकडे तासन्‌तास वाद रंगतात. हप्त्याने फोन घेणाऱ्या नोकरदाराने त्याआधी दुकानदाराला दोन प्रश्न विचारावेत: बॅटरी किती खर्चात बदलून मिळेल आणि सॉफ्टवेअरची सुधारणा किती वर्षे चालू राहील?